शर्यतीची फियाट आणि दात्यांचा हिशेब

वसंतातील व्याख्यानांना येणारी मंडळी इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा विषयांची अपेक्षा ठेवून येतात. तेथे मोटारीच्या गिअरपेटीचा विषय मांडला तर काहींना थोडे आश्चर्य वाटेल. परंतु गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत असे घर विरळा, की ज्यातील कोणी ना कोणी गिरणीत साच्यावर उभा राहिला नाही, टॅक्सी चालवली नाही, किंवा कारखान्यात फिटर म्हणून हात काळे केले नाहीत. दातेरी चाकांशी या वस्तीची ओळख जुनी आहे. त्या ओळखीच्या आधारानेच हा विषय आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रश्न असा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली जुनी फियाट ११००, म्हणजे जिला पुढे आपण 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून ओळखू लागलो ती मोटार, कोणी हौसेने शर्यतीसाठी तयार करतो. इंजिन उघडतो, कार्ब्युरेटर बदलतो, कॅमशाफ्ट घासून घेतो. इतके करूनही मोटार अपेक्षेप्रमाणे पळत नाही; कधी कधी तर पूर्वीपेक्षाही मंद वाटते. असे का व्हावे? आणि गिअरपेटीतील व डिफरन्शिअलमधील दात्यांचे प्रमाण कसे निवडले म्हणजे हा खर्च कारणी लागेल?

मोटारीची थोडी ओळख

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाल्यावर १९५० नंतरच्या दशकात तेथे फियाट ११०० तयार होऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात तिचे नाव 'पद्मिनी' झाले, आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघरी माहीत झाली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात अशा शेवटच्या टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही टॅक्सी रस्त्यावरून गेली.

हीच मोटार एके काळी शर्यतीत उतरत असे. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानांची धावपट्टी होती. तेथे भरणाऱ्या शर्यतींत फियाट, हेरल्ड आणि अँबॅसडर या आपल्या रस्त्यावरच्याच मोटारी सुधारून आणल्या जात. परदेशी मोटार आणणे जवळजवळ अशक्य असल्याच्या त्या काळात हौशी लोकांनी घरच्या मोटारीतून जेवढे काढता येईल तेवढे काढले. आज जी मंडळी जुनी फियाट शर्यतीसाठी सजवितात, ती याच परंपरेतली म्हणावयाची.

इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, आणि ती मिळते मिनिटाला सुमारे ४८०० फेऱ्यांवर. पुढे जाण्याचे गिअर चार. त्यांची प्रमाणे हिशेबापुरती आपण ३.९, २.४, १.६ आणि १ अशी धरू. मागच्या डिफरन्शिअलमध्ये मोठ्या क्राऊनला ४३ दाते व लहान पिनियनला १० दाते, म्हणजे ४.३ प्रमाण, असे धरू. निरनिराळ्या वर्षांच्या गाड्यांत हे आकडे थोडे बदलतात; म्हणून प्रत्यक्ष काम करताना दाते मोजूनच खात्री करावी.

काही फुकट मिळत नाही

आता दात्यांचे काम काय, ते पाहू. मुंबई-पुणे सायकल शर्यत सर्वांच्या परिचयाची आहे. बोरघाटाची चढण प्रथम पार करणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा मान मिळतो. घाट आला की सायकलपटू साखळी मागच्या मोठ्या चक्रावर घेतो. पायाला हलके वाटते, चढ चढवतो. पण पायाच्या एका फेऱ्यात सायकल कमी अंतर जाते. सपाटीवर तो साखळी लहान चक्रावर आणतो. आता अंतर जास्त, पण जोर अधिक लावावा लागतो. पायातली ताकद दोन्ही वेळी तीच. चक्राने केली ती फक्त अदलाबदल: वेग देऊन जोर घेतला, किंवा जोर देऊन वेग घेतला.

गिरणीच्या रिंगखात्यात काम केलेल्यांना हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने माहीत आहे. साच्याच्या एका टोकाला असलेले बदलावयाचे पिनियन काढून एका दात्याने कमी-जास्त असलेले दुसरे बसविले, की सुताचा पीळ बदलतो. पीळ वाढविला तर सूत बळकट होते. पण चात्या मिनिटाला तेवढेच फेरे घेत असल्यामुळे तासाला निघणारे सूत कमी भरते. बळकटी हवी की भरपूर माल हवा, हे आधी ठरवावे लागे, आणि मगच जॉबर पिनियनला हात लावी. मोटारीच्या गिअरमागेही अगदी हाच व्यवहार आहे.

मोटारीत ही अदलाबदल दोन ठिकाणी होते. गिअरपेटीत ती चालकाच्या हाती असते आणि क्षणोक्षणी बदलता येते. डिफरन्शिअलमध्ये ती कायमची ठरलेली असते. चारही गिअरांना ती सारखीच लागू पडते. दोहोंच्या प्रमाणांचा गुणाकार केला म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरते ते कळते. पहिल्या गिअरात ३.९ गुणिले ४.३ म्हणजे जवळजवळ १७ फेरे; चौथ्यात केवळ ४.३.

एक सोपे सूत्र

वेग काढण्यास एवढेच लागते. टायर एका फेऱ्यात सुमारे १.८ मीटर जातो असे धरू. खडूने टायरवर खूण करून, गाडी एक फेरा ढकलून, जमिनीवरचे अंतर टेपने मोजले की खरा आकडा मिळतो. इंजिनाचे मिनिटाचे फेरे गुणिले टायरचे मीटर गुणिले ०.०६, आणि त्याला एकूण प्रमाणाने भागले, की ताशी किलोमीटर येतात.

मूळच्या फियाटीस हे लावून पाहा. ४८०० फेरे, चौथा गिअर: ४८०० × १.८ × ०.०६ म्हणजे ५१८, त्याला ४.३ ने भागले म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. मोटारीचा कमाल वेगही जवळपास एवढाच. म्हणजे कारखान्याने इंजिनाची सर्वाधिक शक्ती आणि मोटारीचा सर्वाधिक वेग यांची गाठ बरोबर जुळवून दिली होती.

आता इंजिन सुधारले. शक्ती ६५ अश्वशक्ती झाली असे समजू. पण ती मिळते ६५०० फेऱ्यांवर. पुष्कळांना वाटते की फेरे वाढले, तेव्हा वेगही त्याच प्रमाणात वाढेल. सूत्र सांगते, ६५०० फेऱ्यांवर ४.३ प्रमाणाने ताशी १६३ किलोमीटर. कागदावर आनंद होतो. रस्त्यावर मात्र वारा आडवा येतो.

वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध मोडण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेगास आठपट शक्ती लागते. १२० साठी ४० अश्वशक्ती लागत असेल, तर १६३ साठी सुमारे १०० लागेल. आपल्याजवळ आहेत ६५. एवढ्या शक्तीत मोटार सुमारे १४० पर्यंतच जाऊ शकते. आणि १४० वर, ४.३ प्रमाण असताना, इंजिन फिरत असते सुमारे ५६०० फेऱ्यांवर. ज्या ६५०० वर त्याची खरी शक्ती आहे, तेथे ते पोहोचतच नाही! मग ६५ अश्वशक्ती हाती येत नाहीत, आणि १४० देखील गाठता येत नाही. खर्च केलेली शक्ती पेटीतल्या दागिन्यासारखी पडून राहते.

उपाय काय? १४० वर इंजिन ६५०० ला पोहोचेल असे प्रमाण घ्यावयाचे. ६५०० × १.८ × ०.०६ म्हणजे ७०२; त्यास १४० ने भागले म्हणजे ५ येते. ८ दात्यांचे पिनियन व ३९ दात्यांचा क्राऊन अशी जोडी बसविली तर प्रमाण ४.८७५ होते, आणि ६५०० फेऱ्यांवर ताशी १४४ किलोमीटर येतात. म्हणजे मोटार जास्त वेगाने पळावी म्हणून डिफरन्शिअलचे प्रमाण मोठ्या आकड्याचे, सामान्य समजुतीप्रमाणे 'कमी वेगाचे', घ्यावे लागले. ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास उलटी वाटते, पण हिशेब सरळ आहे.

मैदान पाहून डिफरन्शिअल

वरील हिशेब लांबलचक सरळ रस्त्याचा झाला. शर्यतीच्या मार्गावर वळणे असतात, आणि सर्वांत लांब सरळ पट्टाही असा असतो की कमाल वेग येण्यापूर्वीच ब्रेक लावावा लागतो. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे; कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे त्याहून पुष्कळ लहान, सुमारे २.१ किलोमीटरचा. एकच डिफरन्शिअल दोन्ही ठिकाणी सारखेच उपयोगी पडेल, अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

येथे एक साधी रीत आहे. आहे त्या जोडीनिशी मोटार मार्गावर न्यावी, आणि सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेकवर पाय ठेवण्याच्या क्षणी, चौथ्या गिअरात फेऱ्यांचा काटा कोठे आहे ते पाहावे. समजा ४.३ प्रमाण असताना काटा ५००० वर आहे आणि आपणास तेथे ६५०० हवे आहेत. तर ४.३ ला ६५०० ने गुणावे व ५००० ने भागावे. उत्तर सुमारे ५.६ येते. टायरचे मापदेखील यात लागत नाही. मात्र नव्या प्रमाणाने ओढ वाढते, त्यामुळे त्याच ठिकाणी मोटार पूर्वीपेक्षा काहीशी अधिक वेगात येते. म्हणून हिशेबाच्या आकड्याहून थोडे खाली राहावे. नाही तर पट्टा संपण्यापूर्वीच फेरे संपतील, आणि इंजिन मर्यादेपलीकडे फिरून कनेक्टिंग रॉड तुटण्याची वेळ येईल.

हवी ती जोडी बाजारात नेमकी मिळेलच असे नाही. तेव्हा टायर मदतीस येतो. फेऱ्याला १.८ मीटर जाणाऱ्या टायरऐवजी १.७ मीटर जाणारा बसविला, तर ४.८७५ ची जोडी जणू ५.१६ ची होते. बारीक फरक टायरने, मोठा फरक दात्यांनी, असे धोरण ठेवावे.

इंजिन पाहून गिअरपेटी

डिफरन्शिअल मैदानाकडे पाहून ठरते. गिअरपेटी ठरते ती इंजिनाच्या स्वभावाकडे पाहून. टॅक्सीचे इंजिन मोठे सोशिक असते. दीड हजार फेऱ्यांवरही ते सहा माणसे घेऊन केम्प्स कॉर्नरचा चढ चढते. म्हणून त्याच्या गिअरांत मोठमोठी अंतरे असली तरी चालते. शर्यतीचे इंजिन तापट असते. ४८०० फेऱ्यांखाली ते झोपलेले, ६८०० च्या वर ते धोक्यात. त्याच्या कामाचा पट्टा एवढाच.

आता तिसऱ्या गिअरात ६८०० फेऱ्यांपर्यंत नेऊन चौथा टाकला. मूळच्या पेटीत त्या दोघांत १.६ चे अंतर आहे; ६८०० ला १.६ ने भागले की ४२५०. इंजिन पट्ट्याच्या खाली घसरले. ते पुन्हा जागे होईपर्यंत मागची मोटार पुढे जाते. "इंजिन केले, पण गाडी मेली," अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथे असते.

यासाठी शर्यतीच्या पेटीत गिअर जवळजवळ आणतात. तिसरा १.३५ केला तर ६८०० वरून फेरे सुमारे ५०५० वर येतात. दुसरा १.९ केला तर तिसरा टाकताना ४८३० वर येतात. पहिला २.८ ठेवला तर दुसऱ्यात जाताना ४६०० च्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या किंचित खाली; पण पहिला गिअर साधारणतः सुरुवातीसच एकदा लागतो, म्हणून तेवढे सोसता येते. पाहा की वर जावे तसे अंतर कमी होत गेले आहे. त्याचे कारण पुन्हा वारा. मोठ्या वेगात शक्ती शिल्लक थोडी असते, तेथे फेऱ्यांची घसरण फार महाग पडते.

४.८७५ च्या डिफरन्शिअलसह या पेटीचे वेग असे येतात: ६८०० फेऱ्यांवर पहिल्यात ५४, दुसऱ्यात ७९, तिसऱ्यात ११२. हे आकडे मार्गाच्या नकाशावर लिहावे. एखादे वळण नेमके ७९ च्या वेगाने घ्यावे लागत असेल, तर वळणाच्या मध्यावरच गिअर बदलण्याची पाळी येईल, आणि मागची चाके निसटतील. तेव्हा दुसरा गिअर थोडा बदलावा, म्हणजे बदल वळणाच्या आधी किंवा नंतर पडेल. पहिला गिअर एवढा उंच ठेवल्याने सुरुवातीस क्लच सांभाळून सोडावा लागतो, हीही त्या व्यवहाराची किंमत.

आणि पैसा बेताचाच असेल तर? जवळच्या गिअरांचा संच खास करवून घ्यावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो. मूळचीच पेटी ठेवावयाची असेल, तर इंजिनाचा तापटपणा आवरावा. वरची मर्यादा ६४०० धरली, तर १.६ च्या अंतराने फेरे ४००० वर येतात; तेव्हा ४००० पासून नीट ओढेल असाच सौम्य कॅमशाफ्ट घ्यावा. कागदावर पाच-सात अश्वशक्ती कमी दिसतील, पण फेरीची वेळ चांगली येईल. म्हणूनच आमचे सांगणे असे, की दात्यांचा हिशेब इंजिन उघडण्यापूर्वी करावा. बहुतेक जण तो सर्वांत शेवटी, पैसे संपल्यावर करतात.

जोडी मोडू नये

जुन्या बाजारात मिळालेल्या डिफरन्शिअलचे प्रमाण न उघडता कळू शकते. मागची दोन्ही चाके जॅकवर उचलून गिअर मोकळा ठेवावा. दोन्ही चाके बरोबर एक फेरा फिरवावी आणि लांब दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे, फेरे मोजावे. ४.३ च्या जोडीत तो चार फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडा कमी फिरेल. एक चाक जमिनीवरच ठेवले असेल, तर मोकळे चाक दोन फेरे फिरवावे. कारण डिफरन्शिअल दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी धरते. निदान दहा पट फेरे मोजले म्हणजे चूक राहत नाही.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेले असतात. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचे पिनियन असा संसार टिकत नाही. आधी रडण्याचा आवाज, मग दात्यांचे तुकडे. दात्यांची संख्याही विचारपूर्वक ठरविलेली असते. ४३ व १०, किंवा ३९ व ८, यांना एकाशिवाय दुसरा सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्यास पाळीपाळीने भेटतो, आणि झीज सर्वांना सारखी वाटली जाते. जोडी बसविताना दात्यांना निळा रंग लावून, फिरवून, ठसा दात्याच्या मध्यावर उमटतो की कडेला, हे पाहणारा जुना फिटर मिळाला तर त्याचे बोट धरावे. हे काम पुस्तकापेक्षा हातातून शिकले जाते, आणि असे हात आता कमी होत आहेत.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. हजारो टॅक्सी भंगारात गेल्या, आणि त्यांच्याबरोबर चांगल्या स्थितीतले क्राऊन-पिनियनही वितळले. म्हणून शर्यतीसाठी जी मूळची जोडी काढाल, ती फेकू नका. तेल लावून, गुंडाळून, दात्यांची संख्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढेमागे ती गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर तीच उपयोगी पडेल.

एक सूचना येथे केलीच पाहिजे. हा सर्व हिशेब बंद मार्गासाठी आहे. मरीन ड्राइव्ह किंवा वरळीचा रस्ता मध्यरात्री मोकळा दिसतो, तरी तेथे कोणी ना कोणी रस्ता ओलांडीत असतोच. आणि त्याच्या जिवाचा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नाही.

सारांश, क्रम असा ठेवावा: प्रथम मैदान पाहावे व तेथला लांब पट्टा मोजावा, त्यावरून डिफरन्शिअल ठरवावे, मग गिअरांची अंतरे पाहावी, आणि त्या अंतरांना झेपेल असेच इंजिन करावे. गिरणीतला जॉबर पिनियन बदलण्यापूर्वी कोणते सूत काढावयाचे आहे हे विचारून घेई. मोटारीला हात लावण्यापूर्वी आपणही तेवढे विचारून घेतले, म्हणजे पुष्कळ पैसे, आणि पुष्कळ दाते, वाचतील.